रेव्हनंट की जेरेमाया? शनिवारच्या एका रात्रीपुरता सवाल

भाच्याचा मेसेज असा होता: "मावशी, शनिवारी घरी कुणी नाही. बर्फ, जंगल, एकटा माणूस, सूड. असलं काहीतरी बघायचंय. रेव्हनंट बघू का? एकच नाव सांग, यादी नको."

मी यादीच दिली. त्यावर त्याने नेहमीचं उत्तर, एक हलतं चित्र, पाठवलं: एक दाढीवाला, मागे झाडं, कॅमेरा जवळ सरकतो आणि तो ओठांतल्या ओठांत हसून मान डोलावतो. हा पोरगा गेली तीन-चार वर्षं मला 'हो' म्हणायचं असलं की हेच पाठवतो. त्याची समजूत अशी की हा 'हँगओव्हर'मधला झॅक गॅलिफिनाकिस. जगात बऱ्याच जणांची तशी समजूत आहे. तो रॉबर्ट रेडफोर्ड आहे, आणि ती हालचाल १९७२ सालच्या 'जेरेमाया जॉन्सन'मधली. सप्टेंबर २०२५मध्ये रेडफोर्ड गेला त्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर बातमी टाकली, तर ह्याने विचारलं, "हा कोण?" तोपर्यंत तोच दाढीवाला त्याने मला शंभरदा तरी पाठवला होता.

तर यादी तिघांची: 'द रेव्हनंट' (२०१५), 'जेरेमाया जॉन्सन' (१९७२) आणि 'मॅन इन द वाइल्डरनेस' (१९७१). तिन्हींत एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा पश्चिम भाग, गोऱ्यांची वस्ती संपते आणि नकाशा कोरा होतो तिथला. तिन्हींत एक दाढी, एक ठासणीची बंदूक, एक अस्वल. पहिला आणि तिसरा तर एकाच माणसाच्या गोष्टीवरून निघालेले. तरीही तिन्ही बघून उठताना तीन वेगळ्या तऱ्हेने उठायला होतं. कुठला बघायचा हे अभिनय, बर्फ, ऑस्कर ह्यांवरून ठरवू नये, एका साध्या प्रश्नावरून ठरवावं असं मला वाटतं: ज्याच्यासाठी एवढी तंगडतोड केली, तो एकदाचा समोर आला की पुढे काय?

आधी खरा ह्यू ग्लास

१८२२ साली विल्यम अ‍ॅशली नावाच्या माणसाने सेंट लुइसच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की मिझुरी नदीच्या उगमापर्यंत जायला शंभर तरुण पाहिजेत. काम बीव्हर पकडायचं. बीव्हर म्हणजे ओढ्यात फांद्यांचे बांध घालून राहणारा, उंदीर-घुशींच्या जातकुळीतला गलेलठ्ठ प्राणी. त्याच्या लोकरीपासून केलेली फेल्टची हॅट तेव्हा युरोपात बऱ्या घरच्या पुरुषांच्या डोक्यावर असायची. त्या टोप्यांसाठी हजारो मैलांवरच्या नद्यांत, गारठलेल्या पाण्यात उभं राहून सापळे लावणारी ही माणसं. ग्लास त्यांना पुढच्या वर्षी येऊन मिळाला. जून १८२३मध्ये अरिकारा ह्या तिथल्या मूळच्या जमातीशी मोठी चकमक झाली, त्यात त्याच्या पायाला गोळी लागली. ऑगस्टमध्ये, आजच्या साउथ डकोटात ग्रँड नदीच्या परिसरात, पिल्लं बरोबर असलेल्या ग्रिझली अस्वलाच्या मादीने त्याला फाडलं.

तो वाचणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तुकडीला थांबून चालणार नव्हतं, म्हणून जादा पैसे कबूल करून दोघांना त्याच्यापाशी ठेवलं. मरेपर्यंत थांबा, पुरा, मग या. एक जॉन फिट्झगेराल्ड आणि एक कोवळा पोरगा. हा पोरगा म्हणजे पुढे नावाजलेला जिम ब्रिजर, असं परंपरेने मानतात. दिवस गेले, ग्लास काही मरेना. शेवटी दोघं त्याला तसाच टाकून निघून गेले, आणि जाताना त्याची बंदूक, सुरी, आग पाडायची चकमक सगळं घेऊन गेले. घेणं भागच होतं. मेला, पुरला, असं सांगायचं तर मेलेल्याची बंदूक हातात दिसायला हवी.

ग्लास शुद्धीवर आला आणि सरपटत निघाला. मिझुरीवरच्या फोर्ट कायोवाला पोचेपर्यंत दोनशेहून जास्त मैल झाले. पुण्याहून बेळगाव होईल साधारण तेवढं अंतर. आधी पोटावर, मग लंगडत, मग नदीच्या प्रवाहाबरोबर. सहा आठवड्यांच्या आसपास लागले. मग अंगात जीव आल्यावर तो त्या दोघांना हुडकायला बाहेर पडला. पोरगा सापडला, त्याला कोवळा म्हणून सोडून दिलं. फिट्झगेराल्ड सापडला तो फोर्ट अ‍ॅटकिन्सनला, पण तोवर तो सैन्यात भरती झाला होता. सैनिकाला मारलं तर फाशी. ग्लासला त्याची बंदूक परत मिळाली आणि तो परत डोंगराकडे निघून गेला. १८३३मध्ये यलोस्टोन नदीच्या बाजूला अरिकारांनीच त्याला मारलं.

इतिहासाने सूडाच्या गोष्टीचा असा पचका केलेला आहे. सहा आठवडे रांगायचं, शेकडो मैल माग काढायचा आणि हाती काय, तर स्वतःचीच बंदूक. अर्थात ही गोष्ट ग्लासने लिहून ठेवलेली नाही; इतरांनी ऐकून लिहिली, पहिल्यांदा १८२५मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात छापून आली, आणि तेव्हापासून तिला मीठमसाला लागत आलाय. ग्लासच्या हातचं म्हणून एकच पत्र शिल्लक आहे: अरिकारांशी झालेल्या चकमकीत मेलेल्या एका तरुण साथीदाराच्या वडिलांना, तुमचा मुलगा गेला हे कळवणारं. हे पत्र लक्षात असू द्या, पुढे लागेल.

'द रेव्हनंट': अंगावर येणारा

हा मी फेब्रुवारी २०१६मध्ये थिएटरात पाहिला. एसी इतका कडक ठेवला होता की ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते, आणि त्या दिवशी त्याचा फायदाच झाला. मध्यंतर मात्र अशा ठिकाणी घातलं होतं की पडद्यावर माणूस मातीत तोंड खुपसून श्वास शोधतोय आणि इकडे दिवे लागून पॉपकॉर्नची जाहिरात सुरू. हा एका दमात बघायचा सिनेमा आहे. दम मोठा लागतो, १५६ मिनिटं.

दिग्दर्शक अलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितू, छायाचित्रण इमॅन्युएल लुबेझ्की. जवळपास सगळं नैसर्गिक उजेडात शूट केलेलं. कॅनडातल्या अल्बर्टाच्या हिवाळ्यात उजेड मिळायचा थोडा वेळ, म्हणजे दिवसभर तालीम आणि मग हाती आलेल्या तेवढ्या उजेडात शॉट. पुढे अल्बर्टातलं बर्फच वितळलं, तेव्हा सगळा कबिला उचलून अर्जेंटिनाच्या पार दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगोला नेला आणि शेवट तिथे चित्रित केला. खर्च १३.५ कोटी डॉलरच्या घरात गेला. ग्लास झालेल्या लिओनार्दो डिकॅप्रिओला त्याचं पहिलं ऑस्कर इथे मिळालं, इन्यारितूला दिग्दर्शनाचं आणि लुबेझ्कीला सलग तिसरं.

पण हे आकडे सांगून काही कळत नाही. कळतं ते अस्वलाच्या प्रसंगात. ग्लास एकटा पुढे गेलाय, झाडीत दोन पिल्लं दिसतात, त्याला कळतं, आणि तोवर ती मागून आलेली असते. एकदा झोडपून ती बाजूला होते, पिल्लांकडे जाते. आपण श्वास सोडतो. ती परत येते. त्याच्या मानेवर पाय देऊन हुंगते, तिची लाळ त्याच्या गालावर लोंबते आणि तिच्या उच्छ्वासाने कॅमेऱ्याची काच धुरकट होते. कॅमेरा कुठेही नजर वळवत नाही, कट मारून आपली सुटका करत नाही. अस्वल संगणकावरचं आहे. चित्रीकरणाच्या वेळी डिकॅप्रिओला लोळवत होता तो निळ्या कपड्यांतला एक स्टंटमन. हे माहीत असूनही दुसऱ्यांदा बघताना माझी मान आपोआप आखडली. आणि अस्वलाला खलनायक केलेलं नाही हे विशेष. विदर्भात मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्यांना अस्वलाने ओरबाडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात, त्यांतही बहुतेकदा असंच असतं: अस्वल चवताळलेलं नसतं, दचकलेलं असतं.

सिनेमाचा पुढचा तासभर म्हणजे एका शरीराचा हिशोब आहे. पाणी पितो तर ते गळ्याच्या भोकातून बाहेर येतं. मग तो त्या जखमेवर बंदुकीची दारू टाकतो आणि ठिणगी पाडतो. थंडीत मरू नये म्हणून मेलेल्या घोड्याचं पोट रिकामं करून आत शिरून झोपतो, आणि सकाळी गोठून कडक झालेल्या त्या कातड्यातून बाहेर पडतो. रानरेड्याची कच्ची कलेजी खातो, आणि ती डिकॅप्रिओने खरोखर खाल्ली. जगणं म्हणजे काय काय करावं लागतं, ह्याबाबतीत हा सिनेमा कसलीही उधारी ठेवत नाही.

सूडाच्या बाबतीत मात्र ठेवतो. मूळ गोष्टीत ग्लासला मुलगा नाही. सिनेमाने त्याला पॉनी जमातीच्या बायकोपासून झालेला हॉक नावाचा मुलगा दिला आणि फिट्झगेराल्डच्या हातून त्याला मारवला. मुलाच्या खुन्याचा सूड कुणालाही पटतो, आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर झोपेतही पटतो. पण मला विचाराल तर मूळ दुखणं जास्त टोकदार होतं. मला जिवंत सोडून गेले, आणि माझी बंदूक माझ्या मरणाचा पुरावा म्हणून दाखवली. ह्या अपमानावर माणूस दोनशे मैल रांगतो, ही गोष्ट सांगायला अवघड आहे, म्हणून मुलगा आला. एका परक्याच्या मुलाच्या मरणाचं पत्र लिहिणाऱ्या माणसाला सिनेमाने स्वतःचा मेलेला मुलगा दिला. इन्यारितूच्या मनात ते पत्र होतं की नाही कोण जाणे. माझ्या मनात ते चिकटून राहिलंय खरं.

टॉम हार्डीचा फिट्झगेराल्ड मात्र नुसता दुष्ट माणूस नाही. अर्धवट सोललेल्या टाळूवर फडकं बांधून फिरणारा, सतत हिशोब करणारा, घाबरलेला माणूस. त्याला ग्लासचा द्वेष नाही, त्याला उशीर होतोय. त्याचं बोलणं इतकं तोंडातल्या तोंडात आहे की सबटायटल्स लावाच. मी पहिल्यांदा निम्मं अंदाजाने समजून घेतलं होतं. अरिकारा, पॉनी आणि फ्रेंच भाषा त्या-त्या माणसांच्या तोंडी आहेत, ही चांगली गोष्ट. आणि अरिकारांचा प्रमुख आपली पळवलेली मुलगी शोधतोय, म्हणजे ज्याला ग्लास संकट समजतो तोही कुणाचा तरी माग काढत फिरणारा बापच आहे. ही समांतर रेघ सिनेमा फार बोलून दाखवत नाही आणि तीच त्यातली सगळ्यात शहाणी जागा आहे.

खटकलं ते असं: पडक्या चर्चमधली घंटा, कवट्यांचा डोंगर, बायकोचं हवेत तरंगणं, कानाशी कुजबुज. दीड तास ज्याने मला चिखलात लोळवलं, त्याने मधूनच आश्रमात नेऊन बसवल्यासारखं वाटतं. आणि शेवटी, न सांगता जेवढं सांगता येईल तेवढं सांगते: हा सिनेमा सूडही घेतो आणि हातही धुऊन घेतो. तुम्हाला ते पटेल, मला अजून पटलेलं नाही.

'जेरेमाया जॉन्सन': हळूच आत शिरणारा

मेक्सिकोच्या लढाईतून परतलेला, सैन्याची पँट अजून अंगावर असलेला एक तरुण नदीकाठच्या धक्क्यावर उतरतो आणि विचारतो, अस्वलं, बीव्हर वगैरे कुठे मिळतील? दुकानदार हात करून दिशा दाखवतो, हा निघतो. का निघाला, कुणापासून पळाला, सिनेमा सांगत नाही. अधूनमधून शाहिराने पोवाड्याचं एखादं कडवं टाकावं तसा एक आवाज गोष्ट पुढे सरकवतो. सुरुवातीला नुसतं संगीत आणि मध्ये पुन्हा मध्यंतराचं संगीत, असा जुना रिवाज आहे. ते धरून सगळं मिळून दोन तासांच्या आत.

पहिला अर्धा तास म्हणजे ह्या माणसाची फजिती. झाडाखाली शेकोटी पेटवतो, तर वरच्या फांदीवरचं बर्फ बदकन त्याच शेकोटीवर पडतं. ओढ्यात हातांनी मासे पकडायला जातो, पाण्यात आपटतो, उठतो, पुन्हा आपटतो. आणि वर बघतो तर घोड्यावर क्रो जमातीचा एक योद्धा शांत बसलाय, त्याच्याकडे माशांची माळ, आणि नजरेत फक्त नवल. तो काहीही न करता निघून जातो. नुसता निघून जातो! पुढे जे होणार त्याच्या मानाने ही पहिली भेट इतकी साधी आहे की दुसऱ्यांदा बघताना गलबलून येतं. ज्याच्याशी पुढे हाडवैर व्हायचं, त्याने आधी तुम्हाला ओढ्यात आपटताना पाहिलंय.

मग त्याला बर्फात बसल्या जागी गोठलेला एक मेलेला माणूस सापडतो, हातांत घट्ट धरलेली बंदूक. छातीवर चिठ्ठी: जो सापडेल त्याला ही बंदूक माझ्याकडून; ज्या अस्वलाने मला मारलं त्याला हिनेच मारलं, चांगली आहे. जेरेमाया ती घेतो.

इथे थोडं थांबते, कारण दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले की ही एक गोष्ट लख्ख दिसते. रेव्हनंटमध्ये जिवंत माणसाची बंदूक तो मेला असं समजून, म्हणजे तसं दाखवून, काढून नेतात. इथे मेलेला माणूस आपली बंदूक जिवंताला बक्षीस लिहून ठेवतो. ठासणीची बंदूक म्हणजे एक बार, मग दारू, गोळी, गज, पुन्हा सगळं. तेवढ्यात अस्वल तुमच्यापर्यंत दोनदा पोचतं. अशा मुलखात एक चांगली बंदूक म्हणजे जेवणही आणि उद्याचा दिवसही. एका सिनेमात तिची चोरी आहे, दुसऱ्यात तिचं मृत्युपत्र. दोन्हींचा स्वभाव ह्या दोन बंदुकांत आहे.

अस्वलांचंही तसंच. इथे बेअर क्लॉ नावाचा म्हातारा शिकारी (विल गीअर, सत्तरीचा, अफलातून) धापा टाकत झोपडीकडे पळत येतो, मागे ग्रिझली, आणि पळता पळता जेरेमायाला विचारतो की तुला अस्वल सोलता येतं का. मग पुढच्या दाराने आत, मागच्या खिडकीतून बाहेर, आणि आत राहतात फक्त जेरेमाया आणि ग्रिझली. बाहेरून म्हातारा ओरडतो, हे सोल, तोवर मी दुसरं आणतो. रेव्हनंटचं अस्वल बघितलेल्याने हे लगेच बघू नये; हसायला येणार नाही.

मग सिनेमा कधी गंभीर होतो ते कळत नाही. घरादाराची कत्तल बघून भ्रमिष्ट झालेली एक बाई आपला मुका झालेला मुलगा त्याच्या हवाली करते. फ्लॅटहेड जमातीच्या प्रमुखाबरोबर भेटींची देवाणघेवाण करताना शिष्टाचाराच्या घोळातून ह्याचं त्याच्या मुलीशी, स्वॅनशी, लग्नच होऊन बसतं. भाषा एक नाही, एकमेकांची ओळख नाही, मूल तिसऱ्याचंच. तिघं मिळून लाकडाचं घर बांधतात. ह्या भागात काहीच घडत नाही असं भाचा म्हणेल. ह्याच भागासाठी मी हा सिनेमा चार वेळा पाहिलाय. ओंडके खाचून एकमेकांत बसवणं, दाढी टोचते म्हणून ती काढणं, पहिल्यांदा तिघांनी मिळून हसणं. पुढचा सूड उभा राहतो तो ह्या पायावर. रेव्हनंटमध्ये मुलगा आपल्याला थोडा वेळ भेटतो आणि मरतो. त्याच्यावर आपण माया करावी असं सिनेमा आपल्याला सांगतो. इथे सांगावं लागत नाही, घर बांधून होईस्तोवर आपलीही बसलेली असते.

एके दिवशी घोडदळ येतं. पलीकडे काही गाड्या बर्फात अडकल्यात, वाट दाखव. जवळची वाट क्रो लोकांच्या दफनभूमीतून जाते. जेरेमायाला ते माहीत आहे, तो नको म्हणतो, अधिकारी ऐकत नाही, आणि मग हा त्यांना नेतो. जाताना काही होत नाही. येताना तो एकटाच आहे आणि पुन्हा त्याच वाटेने येतो. वर फांद्यांवर आणि मचाणांवर मेलेली माणसं ठेवलेली, वाऱ्यात फडफडणारी कातडी, आणि त्यांच्यातून हळूहळू जाणारा घोडा. संगीत नाही. मग त्याच्या नजरेला काहीतरी पडतं आणि तो घोडा पळवायला लागतो. ह्यापुढे मी सांगणार नाही.

एवढंच सांगते की ह्या सिनेमात सूडाला शेवट नाही. रेव्हनंटमध्ये एक माणूस गाठायचा आहे, तो गाठला की रस्ता संपतो. जेरेमाया ज्यांच्यावर उट्टं काढतो त्यांचीही बाजू आहे, त्यांचीही रीत आहे, आणि चूक आधी कुणाकडून झाली हा प्रश्न विचारला तर बोट त्याच्याकडेही येतं. क्रो एकेक योद्धा पाठवत राहतात. वर्षं जातात. कथेतून आरडाओरड जाते आणि उरतो तो नित्यक्रम: लाकडं फोडणं, ससा भाजणं, मागे वळणं, मारणं.

ह्यामागेही एक खरा माणूस आहे, किंवा खरी दंतकथा म्हणा: जॉन जॉन्स्टन. 'लिव्हर-ईटिंग' म्हणजे कलेजीखाऊ ह्या नावानेच तो ओळखला जायचा, कारण तो मारलेल्या क्रो लोकांची कलेजी खायचा अशी वदंता होती. दिग्दर्शक सिडनी पोलॅक आणि रेडफोर्डने ती कलेजी गुपचूप गाळली. म्हणजे पाहा, एका सिनेमाने नायकाच्या ताटातली कलेजी लपवली, दुसऱ्याने कच्ची वाढली. खरा जॉन्स्टन १९००मध्ये लॉस एंजेलिसला माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेला. १९७४मध्ये त्याचे अवशेष उकरून वायोमिंगमधल्या कोडी गावी नेऊन पुन्हा पुरले, आणि तेव्हा खांदा देणाऱ्यांत रेडफोर्ड होता. चित्रीकरण सगळं युटामध्ये, रेडफोर्डच्या स्वतःच्या डोंगराच्या आसपासही. तोच डोंगर पुढे संडान्स म्हणून जगाला माहीत झाला. बर्फ खरं आहे, आणि त्यात रुतत चालणारी माणसं खरोखर रुतलेली दिसतात.

उणं काय? स्वॅनला जवळपास बोलायलाच दिलेलं नाही. क्रो लोकांचा दिलदारपणा दिसतो, पण त्यांच्या घरात, तंबूत कॅमेरा कधी जात नाही. सगळं गोऱ्या माणसाच्या खांद्यावरून. ह्या बाबतीत रेव्हनंट त्रेचाळीस वर्षं पुढे आहे आणि ते दिसतं. गाणी कुणाला जुनाट वाटतील. मला नाही वाटत, पण माझ्या घरी वाटली.

आणि तो तिसरा

'मॅन इन द वाइल्डरनेस'चं थोडक्यात उरकते. ग्लासचीच गोष्ट, नाव बदलून झॅकरी बास केलेलं, रिचर्ड हॅरिसने केलेली. दिग्दर्शक रिचर्ड साराफियान, चित्रीकरण स्पेनमध्ये, लांबी पावणेदोन तास. हॅरिस बहुतेक वेळ एक शब्द बोलत नाही. ह्यातली एक गोष्ट मात्र दोन्ही मोठ्या सिनेमांत नाही: फरवाल्यांची टोळी एक आख्खी बोट चाकांवर चढवून, खेचरं जुंपून कोरड्या जमिनीवरून ओढत चाललीय, आणि तिच्यावर जॉन ह्यूस्टन उंच काळी हॅट घालून कप्तान म्हणून उभा. समुद्र नसलेल्या जागी जहाजाचा कप्तान. तो ज्याला मागे टाकून आलाय त्याचीच त्याला भीती वाटतेय आणि तो मागे वळून बघत राहतो. हे चित्र मी विसरलेले नाही. बाकी सिनेमा मधेमधे रेंगाळतो आणि बालपणीच्या आठवणी कंटाळा आणतात. पण खऱ्या ग्लासशी इमान राखण्यात तो रेव्हनंटपेक्षा जवळचा आहे, आणि ह्या एका वाक्यात मी त्याचा शेवट फोडलाय, त्याबद्दल माफ करा.

मग भाच्याने काय करावं

मोठा टीव्ही असेल, खोली अंधारी करता येत असेल, अडीच तास कुणी दार वाजवणार नसेल, तर रेव्हनंट. लुबेझ्कीने रुंद लेन्स लावून चेहरा हातभर अंतरावर आणि त्याच वेळी मागे आख्खा डोंगर, दोन्ही स्पष्ट, असं टिपलंय. फोनवर डोंगर जातो आणि उरते फक्त दाढी. दिवसा, पडदे उघडे ठेवून बघितला तर अर्ध्या दृश्यांत आपलंच तोंड दिसेल. रक्त, कापाकापी भरपूर आहे आणि एका स्त्रीवरच्या अत्याचाराचा प्रसंगही; आजीबरोबर बसून बघायचा नाही. जेवताना तर अजिबात नाही.

लॅपटॉप असेल, किंवा घरी कुणीतरी 'काय चाललंय रे' म्हणत मधेच येऊन बसण्याची शक्यता असेल, तर जेरेमाया. तो मधे आलेल्या माणसालाही धरून ठेवतो. बारा-तेरा वर्षांच्या पोराला बरोबर घेता येईल. मरणं आहेत, पण कॅमेरा त्यांच्यावर जिभल्या चाटत नाही.

दोन्ही बघायचे असतील तर आधी जेरेमाया, मग रेव्हनंट, आणि मधे किमान एक आठवडा. उलटा क्रम केला तर रेव्हनंटच्या अंगातल्या थंडीने जेरेमायाचा पहिला अर्धा तास पोरखेळ वाटेल आणि तुम्ही तो सोडून द्याल. मी एका मैत्रिणीला उलट क्रमाने दाखवले होते, ती शेकोटीवर बर्फ पडल्यावर उठून चहा ठेवायला गेली आणि परत आलीच नाही.

आणि केवळ डिकॅप्रिओसाठी बघायचा असेल तर हा सगळा लेख सोडा, रेव्हनंट लावा. तोही रास्त निकष आहे. मी स्वतः रेडफोर्डसाठी बरंच काही पाहिलंय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाच्याला शनिवारी दुपारी एकच नाव पाठवलं: जेरेमाया. वर लिहिलं, सुरुवातीचं नुसतं संगीत पुढे ढकलायचं नाही. त्याने मान डोलावणारा दाढीवाला पाठवला.

रात्री साडेअकराला मेसेज आला: "हाच तो???" तीन प्रश्नचिन्हं, सोबत टीव्हीचा फोटो. मग बराच वेळ काही नाही. सव्वाबाराला पुन्हा: "मावशी, हा येताना परत त्याच दफनभूमीतून का चाललाय?"

मी बघितलं, फोन उलटा ठेवला. त्याचा अजून अर्ध्या-पाऊण तासाचा सिनेमा बाकी होता.